आईचे वाल आणि एक गणंग

आईच्या मागे राहिलेली तिची सगळी शेती आम्ही एका रविवारी दुपारी भाताबरोबर खाल्ली.

शेती म्हणजे दोन ओंजळी वाल. वडपे गावची आमची जमीन गोदामाखाली गेली (त्याच गोदामात मी शिफ्ट करतो, म्हणजे शेतावर मी अजून जातोच), आम्ही भिवंडीत नारपोलीच्या फ्लॅटमध्ये आलो, पण आईने आपलं बियाणं सोडलं नाही. दरवर्षी गच्चीवर फुटक्या पिंपात ती वाल लावायची आणि नवं बी राखेत घोळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. सगळ्या गावाच्या वालाला पांढरं फूल, तिच्या वालाला जांभळं. याचा तिला एवढा तोरा, की जणू जांभळा रंग तिनेच काढला! पावसाळ्यात ती गेली. डबा राहिला.

आबा, म्हणजे माझे वडील, त्यानंतर जेवेनासे झाले. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे, हात धुवायचे. बोलायचे ते फक्त मला नावं ठेवायला. मी दहावी नापास झालो तेव्हापासून ते मला गणंग म्हणतात. ज्यांच्या घरी वालाचं बिरडं (मोड आलेल्या, सोललेल्या वालाची उसळ) होत नाही त्यांच्यासाठी सांगतो: वाल कितीही भिजवा, काही दाणे खड्यासारखे टणकच राहतात. फुगत नाहीत, मोड येत नाहीत. ते गणंग. सोलताना बायका ते वेचून फेकून देतात. माझं तेवढं फेकून देणं राहिलं होतं.

अशात बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून बाग करायचं ठरलं. पॉवरलूममधून निवृत्त झालेले सलीमचाचा आमचे पुढारी. जन्म मागांच्या खटखटीत गेल्यामुळे ते गुलाबाच्या रोपाशीसुद्धा ओरडूनच बोलायचे. मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं ते निव्वळ आबांना घराबाहेर काढायला. मातीत काम केलं की मन हलकं होतं म्हणतात. आमच्या मातीत वर्षानुवर्षांच्या चिंध्या होत्या. फावडं मारलं की माती कमी आणि साडीचे काठ जास्त. आम्ही बाग खणतोय की कुणाचं कपाट, तेच कळेना. पण आबा रोज खुर्ची टाकून बसायला लागले, आणि एके दिवशी स्वतःहून डबा घेऊन खाली आले.

"तिचं वाल हिथं टाकू," ते म्हणाले. "एकदा फूल बगतो. मंग माझं काय बी होऊ दे."

शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मी लगेच डबा हातात घेतला.

बी भिजवायचं काम माझ्याकडे आलं. शुक्रवारी रात्री डब्यातलं सगळं भिजवलं. शनिवारी वाफा तयार होईना (जमिनीतून एक अख्खी चादर निघाली, ती ओढण्यातच दिवस गेला). आबा म्हणाले, फडक्यात बांधून ठेव, मोड आले तर अजून बरं. मी बांधलं आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. ज्या खिळ्याला आमच्याकडे बिरड्याचे वाल टांगतात, त्याच खिळ्याला. घरात दुसरा खिळा नव्हता असं नाही.

माझी बायको सुनंदा चार दिवस गणेशपुरीला माहेरी गेली होती. रविवारी सकाळी ती परतली तेव्हा मी आणि आबा खाली वाफ्यावर होतो. तिने पुरचुंडी पाहिली, सोडली, आत टचटचीत मोड. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर नवऱ्याने पहिल्यांदा स्वयंपाकाला हात लावला, या आनंदात तिने एकेक दाणा सोलला.

दुपारी जेवायला बसलो. पानात बिरडं पाहून माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. आबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मग दुसरा घेतला. मग वाटी पुढे केली.

"तिच्या हातची चव हाय," ते म्हणाले.

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच पोटभर जेवत होते. तिसऱ्यांदा वाढून घेतलं, वाटी बोटाने पुसली. मला वाटलं, बागेने जादू केली. त्या भरात मी सुनंदाला विचारलं, एवढे छान वाल आणलेस कुठून?

"मी कुठून आणणार? तुम्हीच तर भिजवलेत."

आम्ही तिघांनी एकदम खिळ्याकडे पाहिलं. फडकं धुऊन वाळत घातलेलं होतं.

आबांनी शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. ते नुसते आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "मी तीनदा घेतलं रं." आणि हात न धुताच जाऊन आडवे झाले. सुनंदा रडायला लागली. मी तिला म्हटलं, चूक माझी आहे, आणि ती होतीच.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून वाल आणून गुपचूप वाफ्यात टाकले आणि आबांना सांगितलं, थोडं बी उरलं होतं. त्यांनी माती उकरून एक दाणा काढला, उलटसुलट पाहिला, परत पुरला. "बाजारचा हाय," म्हणाले, आणि बागेत यायचे बंद झाले. पुन्हा ताटात दोन घास. आता मात्र मी खरंच घाबरलो. आई तर गेलीच, आणि आता आबांनाही आपणच पोचवणार, असं वाटायला लागलं.

सलीमचाचांना प्रकार कळला तेव्हा त्यांनी माझी बदली केली. "आप बीज को हाथ नहीं लगाएंगे. आप कचरा देखो." हा हुकूम अर्ध्या नारपोलीला ऐकू गेला. तेव्हापासून बिल्डिंगमधल्या ओल्या कचऱ्याच्या बादल्या खताच्या खड्ड्यात ओतणं हे माझं काम. बागकामाचा निर्मळ आनंद मी नाकाला रुमाल बांधून घेत होतो.

दोनेक महिन्यांनी खड्ड्याच्या मागच्या बाजूला गेलो (वासामुळे तिकडे मी कधी फिरकत नसे), तर कुंपणाच्या जाळीवर तीन वेल चढलेले. तण समजून मी एक उपटला. दुसऱ्याला हात घातला तेव्हा चाचांनी माझं मनगट धरलं. वेलाला फूल होतं. जांभळं.

सुनंदाला विचारलं तेव्हा तिला आठवलं, त्या रविवारी सोलताना पाच-सहा गणंग निघाले होते. सालींबरोबर तिने ते बादलीत टाकले होते, आणि बादली खड्ड्यात गेली होती.

आबा चपला न घालताच खाली आले. वेलापाशी उकिडवे बसले, फूल न तोडता बोटाने हळूच वर केलं आणि सगळ्यांसमोर रडले. मी शेजारी बसलो. उपटलेला वेल पाठीमागे लपवला होता.

"शेवटी गणंगच कामाला आला," नाक पुसत आबा म्हणाले.

मी छाती पुढे काढली. इतक्या वर्षांनी! मी म्हटलं, असू दे आबा, मी काय केलं एवढं.

"तुला न्हाय, वालाला म्हणतोय," आबा म्हणाले. "त्यो निदान उगवला."

मला बावन्नावं चालू आहे. अजून भिजतोय.