साहेब घरी नाहीत

लेनकाका आमच्याकडे येऊन कधी बसले म्हणून नाहीत. चहाचा कप हातात घेऊन, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, फटफटवत सोफ्याभोवती फेऱ्या मारायचे. बघून मलाच गरगरायचं. आम्ही पुण्याहून न्यूझीलंडला येऊन पुकेकोहे गावात घर घेतलं, तेव्हापासूनचे हे शेजारी. कुंपणावरून "काय म्हणताय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "म्हातारा अजून बोललेला नाही."

म्हातारा म्हणजे त्यांचे वडील. इंग्लंडात मूकपटांतले नट. आधी नायक, मग खलनायक, मग नायिकेचे वडील. बोलपट आले आणि त्यांची कामं आटली. एका बोलपटात बटलरचं एक वाक्य मिळालं, तेवढंच. पुढे ते इथे आले, कांदे पिकवले आणि लेनकाका दोन वर्षांचे असताना गेले.

मूकपट लेनकाकांकडे होते. त्यात वडील तावातावाने ओठ हलवायचे आणि हे चिडायचे, "बघ, तो तोंड उघडतो आणि कोणीतरी मध्ये संवादाची पाटी घुसवतं." आवाज कसा होता विचारलं, तर त्यांची आई म्हणायची, चांगला होता. "चांगली हवा असते," लेनकाका फणकारायचे. तो बोलपट मात्र कुठेच सापडत नव्हता. नव्वदीला टेकलेला माणूस देशोदेशीच्या फिल्म संग्रहालयांना मेल करायचा आणि उत्तर आलं नाही की माझ्यावर खेकसायचा.

गेल्या हिवाळ्यात अखेर एका संग्रहालयाने तो पाठवला. आमच्या मोठ्या टीव्हीवर लावला. बटलरने दार उघडलं, पाहुण्याला म्हणाला, "माफ करा, साहेब घरी नाहीत." संपलं. लेनकाकांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. चेहरा उतरत चालला होता. "हा कोणीही असेल," ते म्हणाले. "मला काहीच वाटत नाहीये." मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच रिमोटवर राग काढत आणखी एकदा लावलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून माझ्या लेकीने, सईने, नेहमीसारखं इंग्रजीतच ओरडून विचारलं, "आई, साहेब घरी नाहीत असं लेन कोणाला सांगतोय?"

मी दचकलेच. रोज कुंपणावरून ऐकलेला आवाज, आणि माझ्या लक्षात येऊ नये! लेनकाका जागच्या जागी थांबले. पडद्याबरोबर ते वाक्य त्यांनी हळूच म्हणून पाहिलं. मग मोठ्याने म्हटलं. आता तरी बसतील असं मला वाटलं, पण कुठलं काय. दुपारभर घरभर फिरत तेच वाक्य, कधी रुबाबात, कधी गालात हसत. सईने तर कानांवर उशी घेतली.

वसंतात ते गेले. अंत्यविधीला काय लावायचं, ते मला आधीच बजावून ठेवलं होतं. मी लॅपटॉपचं बटण दाबलं.

"माफ करा, साहेब घरी नाहीत."

अख्ख्या हॉलने दचकून शवपेटीकडे पाहिलं. सई खुदकन हसली आणि मला रडू फुटलं. "कळलं हो, लेनकाका," मी मराठीतच म्हटलं.