एकतेच्या उपासनेत उरलेला द्राक्षारस

मनुका उकळल्याचा वास आला की माझं तोंड कडू होतं. त्या रविवारी आमच्या चर्चमध्ये शहरातल्या सगळ्या मंडळ्यांची एकत्र उपासना होती. औरंगपुऱ्याच्या बाजारातून मनुका आणून प्रभुभोजनाचा द्राक्षारस नेहमीसारखा आईनंच केला होता. ‘आपण एकाच देहाचे अवयव,’ असं पाहुणे पाळक वेदीपाशी गहिवरून म्हणाले. पेल्यांचा ट्रे आल्यावर मात्र माझ्या कानाशी लागले, ‘तुमचा बाप्तिस्मा पाणी शिंपडून झालेला, आमचा पाण्यात बुडवून. आमच्या लोकांना तुमच्याबरोबर हा पेला घेणं चालत नाय.’ एकता समितीचा चिटणीस मीच. वाद नको म्हणून मीही पेला न उचलता ट्रे पुढं सरकवला. नंतर एकाच पातेल्यातलं मटण सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. पेले विसळताना आई एवढंच म्हणाली, ‘लई उरलाय रे. तुझापण.’ पुढं आई वारली. समितीत मी अजून आहे.