पोट आत ओढून दिलेलं माप

मास्तरांनी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलं, आणि एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांबद्दल त्यांची तक्रार एकच होती. कमरेला टेप लावली की भलेभले पोट आत ओढतात. मग पँट कमरेत अडकली की ओरडायला मोकळे. "पोट सोडा साहेब, पँट तुम्हालाच घालायचीय," असं मास्तर दिवसातून चारदा म्हणत, आणि आत काजं करत बसलेली त्यांची बायको गालातल्या गालात हसत असे.

अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांचा उजवा हात-पाय लुळा पडला, त्याला तीन महिने होऊन गेले. इस्पितळातून ते या शुश्रूषागृहात आले. खाट, जेवण, रोजचा तासभर व्यायाम, सगळा खर्च सरकारी योजनेतून. मात्र बारा आठवडे भरले की योजनेच्या मॅडम येऊन तपासणार आणि पुढचे आठ आठवडे द्यायचे की नाही ते ठरवणार. घराला तीन पायऱ्या होत्या. मास्तरांना अजून एकही चढता येत नव्हती, आणि बायकोच्या कमरेला पट्टा. ती त्यांना उचलायला गेली असती तर दोघांनीही अंथरूण धरलं असतं. ते आठ आठवडे मिळायलाच हवे होते.

मॅडम येणार त्या सकाळी मास्तर अगदी नवरदेवासारखे नटले. वॉर्डातल्या मावशींकडून दाढी करून घेतली, इस्त्रीच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली आणि खुर्चीत ताठ बसले. परक्या माणसासमोर आपलं उणं दाखवायचं नाही, हा त्यांचा जन्माचा हट्ट. हट्टाला काय, झटका थोडाच आला होता.

"बटणं स्वतः लावता?" मॅडमनी विचारलं.

"लावतो की."

"संडासला?"

"एकटाच जातो."

"पायऱ्या?"

"चढतो हळूहळू."

व्यायाम घेणारी ताई मागे उभी होती, तिने कपाळाला हात लावला. मास्तरांना मात्र आपण पहिल्या नंबराने पास होतोय असंच वाटत होतं. मॅडमनी रकाने भरून पेनाला टोपण लावलं.

"छान सुधारलात, बाबा. मग आता व्यायामाची गरज दिसत नाही. शुक्रवारी घरी जा."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे घराच्या तीन पायऱ्या उभ्या राहिल्या. पण आता माघार घ्यायची तरी कुठल्या तोंडाने?

बायको शेजारी मांडीवर पिशवी धरून बसली होती. ती हळूच म्हणाली, "अहो, पोट सोडा."

मॅडमना काहीच उमगलं नाही. मास्तरांना पुरतं उमगलं. मान खाली घालून त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं चोळली.

"मॅडम, तो कागद खोडा," ते म्हणाले. "खोटं माप दिलं मी. ही बटणं मावशींनी लावलीत. संडासला दोघं धरून नेतात. पायरी एकही चढत नाही."

मॅडमनी पुन्हा टोपण काढलं. "एक बटण काढून दाखवता?"

मास्तरांनी उजवा हात कसाबसा गळ्याशी नेला. आयुष्यभर ज्या हाताने लोकांच्या कपड्यांना बटणं शिवली, तो हात त्या एका बटणावरून पुन्हा पुन्हा घसरत होता. ताई पुढे झाली, तिला बायकोने खुणेनेच थांबवलं. बघताना तिचा जीव तुटत होता, पण ती जागची हलली नाही. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. बटण तसंच राहिलं.

"मदत लागते, असं लिहू?"

"लागते," मास्तर म्हणाले.

लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. हा शब्द बायकोने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

मॅडमनी जुना कागद खोडला आणि नव्यावर आठ आठवडे लिहून सही केली. त्या गेल्यावर बायको पिशवी बाजूला ठेवून उठली, आणि तिने गळ्याचं ते बटण काढलं.

"सकाळपासून आवळत होतं ना?"

"आवळत होतं," मास्तर म्हणाले.