राखीव संघाचे सर

आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या हॉस्पिटलात २०१६ साली मी रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचा डॉक्टर, होतो आणि माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले एक नागपूरकरही रजिस्ट्रारच होते. मी त्यांना सर म्हणायचो. स्पेनमधल्या एका फुटबॉल क्लबचा राखीव संघ हा त्यांचा जीव की प्राण. मुख्य संघाकडे ते ढुंकूनही बघत नसत. चहात बिस्कीट बुडवून ते राखीव संघाचा इतिहास सांगू लागत, आणि बिस्कीट दर वेळी कपात पडायचं.

"अरे, पहिले आले तरी यांना मुख्य संघाच्या लीगमध्ये जाता येत नाही. नियमच आहे! तरी खेळतात ना बे!"

एखादा खेळाडू मुख्य संघात गेला, की ते वहीतल्या त्याच्या नावावर रेघ मारत. "वर गेला. ग्रँड. विषय संपला."

मी कन्सल्टंट झालो, तेव्हा वहिनींकडून मिल्क पावडरचे पेढे करवून त्यांनीच वॉर्डभर वाटले. "आपला एक वर गेला!" असं नर्सेसना सांगत होते.

सोमवारी मी नेहमीसारखे दोन चहा घेऊन गेलो. नव्या रजिस्ट्रारला शेजारी बसवून त्यांनी इतिहास पहिल्यापासून सुरू केला होता. मला बघताच ते अदबीनं उभे राहिले.

"या, सर."