एका हाताची ढोलकी

गुडीहत्नूरच्या चर्चमधले ढोलकीवाले काका बोलतानाही मांडीवर ताल धरतात. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा पास्टरसाहेब म्हणाले, "आता ढोलकी दुसऱ्याला द्या." काकांनी ती पोटाशी घट्ट धरली.

मी खोडी काढली, "काका, देवानं हात नेला, अन् तुमी त्याचंच भजन करून राह्यले? काऊन?"

"अरे, वधस्तंभावर त्याचे त दोनी हात खिळले! माझा एक गेला तवा त्याचं दुखणं मले समजलं. आता त त्याले सोडतच नाई."

नाताळला त्यांनी डाव्या हाताने थाप दिली, उजव्या थापेची जागा रिकामी सोडली आणि आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. सगळ्या चर्चने तिथे टाळी वाजवली. मीसुद्धा, आणि मी तर केक खायला गेलो होतो!