मावसोबांचा नारळ

माझं लग्न जमणार याची खात्री या पृथ्वीवर आता एकाच माणसाला उरली आहे, आणि ते म्हणजे आमचे मुरुमचे मावसोबा, मावशीचे यजमान. मला स्वतःला ती नाही. आईला होती, पण तिनं अलीकडं देवीपुढचं मागणं बदललंय. पूर्वी ती सून मागायची, आता माझी तब्येत मागते. गल्लीतल्या लोकांनी तर माझ्यासमोर हा विषय काढणंच सोडलंय, आणि लोक विचारायचे बंद झाले की समजावं, आपलं काही खरं नाही. मावसोबा मात्र मधूनच एखाद्या सकाळी फोन करतात, 'इस्त्रीचा शर्ट घाल, निघालोय' एवढंच सांगतात आणि ठेवून देतात.

मी काय चीज आहे तेही सांगायला हवं. मी धाराशिवात एका महाविद्यालयात मराठी शिकवतो, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढं मानधन, आणि कॉलेजला सुट्टी लागली की आमचीही सुटका. नावापुढं 'प्राध्यापक' लावायला कुणी हरकत घेत नाही, कारण त्याला कुणाचा काही खर्च येत नाही. मुलीचे वडील पहिला प्रश्न विचारतात तो 'परमनंट कधी होणार?' हा, आणि त्याचं उत्तर माझ्याकडंच काय, ज्यांनी ते द्यायचं त्यांच्याकडंही नाही. त्यात कपाळ दरसाल मागं सरकत चाललंय. या सगळ्या मालाचं मावसोबा बैठकीत जे वर्णन करतात, ते ऐकून मलाच त्या मुलाला एकदा भेटावंसं वाटतं. 'आमचे मास्तर घंट्यावर पैसे घेत्यात, मोठ्या वकिलावानी,' असं ते सांगतात. मी टक्कल झाकायला हात वर नेला की लगेच म्हणतात, 'कपाळ बघा, साहेबाचं हाय.'

मावसोबा एसटीत कंडक्टर होते. जन्मभर खचाखच भरलेल्या गाडीत 'मागं सरका, मागं जागा हाय' असं ओरडत आलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट संपली, भरली, बंद झाली असं वाटतच नाही. नकार ऐकू येण्याची सोयच त्यांच्या कानाला नाही. पोह्यात शेंगदाणे सढळ असले की सोयरीक जमली, असं ते धरून चालतात. चहा परत विचारला तर बाहेर येऊन मांडव कुठं पडेल आणि वऱ्हाडाचा टेंपो कुठं वळेल, ते पावलं टाकून बघतात. एका घरी तर नुसतं कुत्रं भुंकलं नाही म्हणून ते खूश होते. ते कुत्रं आजारी होतं, हे नंतर कळलं.

पण मावसोबांची खरी ओळख म्हणजे त्यांची पिशवी. सुपारी, हळदीकुंकवाची पुडी, खण, टॉवेल-टोपी आणि नारळ घेतल्याशिवाय ते मुलगी बघायला निघत नाहीत. मुलीकडच्यांनी हो म्हटलं की तिथंच नारळ फोडून मोकळं व्हायचं, उद्यावर ठेवायचं नाही. नारळ घेताना ते कानाशी धरून हलवतात, आतलं पाणी खळखळलं तरच घेतात. शिवाय त्यांचा एक नियम आहे: एका दारातून परत आलेला नारळ दुसऱ्या दारात न्यायचा नाही. तो मावशीच्या स्वयंपाकघरात जातो आणि त्याची चटणी होते. मावशीच्या हाताला चव आहे, चटणी फर्मास होते. पण आता खोबरं-लसणीचा वास आला की मला कुणाचे तरी वडील आठवतात.

तेरखेड्याला आमची मजल सगळ्यात पुढं गेली होती. मुलीचे वडील 'विचार करून कळवू' म्हणाले आणि त्याच क्षणी बाहेर दणादण बार उडाले. मावसोबांना वाटलं, मुलीकडच्यांनी आनंद साजरा केला. कुणी काही बोलायच्या आत ते उठले, त्या गृहस्थांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी चढवली आणि पायरीवर नारळ फोडून खोबरं वाटायलाही सुरुवात केली. गावात फटाके तयार होतात आणि ते कुणीतरी रानात उडवून बघत होतं, हे त्या भल्या माणसानं टोपी तशीच ठेवून, खोबरं चावत आम्हाला समजावून सांगितलं. मग टोपीची नीट घडी घालून ती परत दिली. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होतो. परतीच्या वाटेवर मावसोबा म्हणत होते की खोबरं गोड निघालं, तेव्हा हे चांगलंच लक्षण आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात नळदुर्गच्या अलीकडं एका घरी चहा संपायच्या आतच नकार आला. मुलीचा भाऊ अगदी नम्रपणे बोलला, आणि तोच नम्रपणा मला जास्त लागला. नंतर हायवेवरच्या ढाब्यावर जेवायला बसलो तेव्हा मात्र मी सुटलो. म्हटलं, मावसोबा, आता बास करा. नोकरीचं जमलं नाही, लग्नाचं जमलं नाही, माझं काहीच जमायचं नाही, आणि हे मला तुमच्या आधीपासून माहीत आहे. बोलताना आवाज फुटला, त्याची लाज वाटून मी उगाच पाणी पीत राहिलो. शेजारून ट्रक जात होते. मावसोबांनी रोटीचा तुकडा मोडला.

"तुझ्या मावशीच्या बापानं मला व्हय म्हणलं, तवा आमच्याकडं नारळच न्हवता," ते म्हणाले. "ते व्हय म्हणतील असं आमच्यात कुणाला वाटलंच न्हवतं. बाजाराला मानूस धाडला. त्यो येस्तवर तिचा चुलता फिरला. मग वरीसभर चपला झिजवल्या म्या."

मग तुकडा भाजीत बुडवून म्हणाले, "न जमंल तर न जमू दे, मास्तर. पर नारळ न्हवता म्हणून ऱ्हायलं, असं व्हायला नगं."

त्या दिवशी मी मुरुमलाच मुक्काम केला. जेवायला तीच चटणी होती, आणि मावसोबा भाकरीवर तेल-तिखट घेऊन खात होते. खोबऱ्यानं पित्त होतं का, असं मी मावशीला आत जाऊन विचारलं. ती परात पुसत हळूच म्हणाली, "पित्त कशाचं? देवाचं खोबरं चवीनं खात्यात की. तुझा माघारी आलेला नारळ खात न्हाईत. आजपातुर एकदाबी न्हाय." इतकी वर्षं त्या माणसाशेजारी बसून मी माझ्या नकारांची चटणी बोटं चाटून खाल्ली, आणि त्याच्या ताटात ती नाही हे मला कधी दिसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

पुढं मावसोबांच्या गुडघ्यानं बंड केलं आणि आम्ही जिच्यावरून स्थळं बघत फिरायचो ती मोटारसायकल डॉक्टरांनी बंद केली. तुळजापूरकडच्या एका गावचं स्थळ आलं होतं, तिथं मी एकट्यानंच जायचं ठरलं. त्यांनी बाजेवर बसूनच पिशवी भरली, नारळ माझ्या कानाशी हलवला आणि वाजतोय ना, हे माझ्याकडून वदवून घेतलं. एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन मी बसलो, आणि खड्डा आला की नारळावर हात ठेवत होतो. तिथं बैठकीत मुलीनं निवांतपणे विचारलं, पिशवीत काय आहे. मराठीचा प्राध्यापक असून मला 'नारळ' याखेरीज शब्द सुचला नाही. लगेच फोडायचा असतो का, तिनं विचारलं. म्हटलं, तुम्ही हो म्हणालात तर. ती हसली, पण माझ्यावर हसली असं वाटलं नाही. वडील म्हणाले, कळवतो.

परत मुरुमला गेलो तर मावसोबा दाराकडं तोंड करून बसलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "पोह्यात शेंगदाणे?"

पोहे नव्हतेच, चहा-बिस्किटं होती. मी म्हणालो, "सढळ होते."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मावशी रिवाजाप्रमाणं नारळ न्यायला आली, विळी आधीच काढून ठेवली होती. मी पिशवी मागं ओढली आणि म्हणालो, "राहू दे मावशी. त्यांचा निरोप यायचाय. हा नारळ अजून माघारी आलेला नाही."

तो नारळ आता मावसोबांच्या उशाशी असतो. निरोप अजून यायचाच आहे. दोन तासिकांच्या मधल्या वेळात कधीतरी मावसोबांचा फोन येतो. ते फक्त 'ऐक' म्हणतात आणि नारळ फोनशी धरून हलवतात. स्टाफरूममधले परमनंट लोक माझ्याकडं बघत असतात. मी फोन कानाला दाबून धरतो, आणि खरं सांगतो, आत अजून पाणी वाजतंय.