धवलारीण या शब्दाची मी केलेली फोड

माझी जीभ त्या काळी वाशीच्या पुलापेक्षा लांब होती. खाडीकाठच्या एका आगरी गावात मी भाड्याने राहायचो. होतो साधा कारकून. पण मी संस्कृतचा पंडित असल्याची बातमी मीच गावभर केली होती. चार वेद पाठ, पाचवा चालू!

घरमालकाच्या मुलाचं लग्न निघालं. यांच्यात लग्न लावते ती बाई, धवलारीण. हळदीपासून एकेक विधी गाण्यातून पार पाडते. गावची धवलारीण सत्तरीची. घरमालकाचं लग्नही तिनेच लावलेलं.

मांडव घालताना कुणीतरी विचारलं, "भाऊ, धवलारीन म्हंजे काय वो?"

ठाऊक नव्हतं. पण 'ठाऊक नाही' हे शब्द माझ्या संस्कृतात नव्हते. म्हणालो, "धव म्हणजे नवरा. विधवा म्हणतो ना, त्यातला. धवला, म्हणजे नवऱ्याला. अरी म्हणजे शत्रू. धवलारीण, नवऱ्याला वैरीण!"

सगळे खो खो हसले. नवरदेवाची आई तेवढी हसली नाही.

संध्याकाळी घरमालक दारात. "भाऊ, बायको आयकत नाय. एकुलता पोर हाय. पनवेलचा भटजी सांगू का?"

'अहो, गंमत केली,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग माझे चारही वेद बुडाले असते. मी म्हणालो, "सांगा. शास्त्राला धरूनच आहे."

भटजींनी पाऊण तासात लग्न उरकलं. धवलारीण नवं लुगडं नेसून बायकांत मागे बसली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पंगत उठल्यावर ती माझ्याकडे आली.

"दादा, धवला म्हंजे लग्नाचं गानं. ते गाते ती धवलारीन. मना येवढंच म्हाईत. पन तुमच्या बुकात वैरीन लिवलंय ना?" मग आवाज बारीक करून, "मी लगनं लावली त्यातल्या काई पोरींचे नवरे लवकर गेले. ते माज्यामुलं का?"



"नाही हो आजी. मी खोटं बोललो. कुठल्याच पुस्तकात तसं नाही."

उभ्या जन्मात मी एवढं निखळ खरं कधी बोललो नव्हतो. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

"मना बरं वाटावं म्हनून बोलता, दादा," ती म्हणाली. "तुमी शिकलेले. तुमी कशाला खोटं सांगाल?"